गावच्या हायस्कुलात मनाची विचारपूस

मराठवाड्यातल्या मोठ्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अनुदानित माध्यमिक विद्यालयात पाचवी ते दहावीची मुले शिकतात. त्यांतली बरीचशी आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरून एस.टी.ने, काळीपिवळीने किंवा पायी येतात. शाळेच्या संचमान्यतेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई अशी पदे असतात. समुपदेशकाचे पद बहुतेक ठिकाणी नसते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचे काम नेमून दिलेल्या माणसाकडे येत नाही. ते वर्गशिक्षकाच्या, एखाद्या बाईंच्या, क्रीडाशिक्षकाच्या किंवा प्रयोगशाळा परिचराच्या अंगावर येते, आणि त्याने मनावर घेतले तरच होते. असे काम वर्षानुवर्षे केलेल्यांच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मूल बोलेल की नाही हे ऐकणाऱ्याच्या प्रशिक्षणापेक्षा सांगितलेले पुढे कुठे जाते, यावर ठरते. गावात शिक्षक, पालक, संस्थाचालक, सरपंच आणि एस.टी.चा कंडक्टरही एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी ऐकलेले पोटात ठेवणे हाच या कामाचा पाया आहे आणि तोच सर्वांत अवघड भाग आहे.

प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. त्यात १३ ते १७ या वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक त्रास आढळला. आठवी ते दहावीत तीनशे मुले असलेल्या शाळेला हे प्रमाण लावले, तर वीसेक मुलांना डॉक्टरांची किंवा तज्ज्ञांची गरज आहे असे धरून चालावे लागते. शाळेला यांतली दोन-चारच नावे माहीत असतात, आणि तीही बहुधा वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलग्यांची. मुकाट्याने मागच्या बाकावर बसणारी, वही पूर्ण ठेवणारी मुलगी कोणाच्याच यादीत येत नाही. या वीसेकांच्या पलीकडे आजारी नसलेली, पण घरातल्या भांडणाने, दारूने, कर्जाने किंवा अपमानाने खचलेली मुले असतात. त्यांना औषध नको असते, कोणीतरी लक्ष द्यावे एवढेच हवे असते. हे दोन गट ओळखता आले की निम्मा गोंधळ मिटतो.

खेड्यातले मूल ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ते म्हणते, पोट दुखतंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, मन लागत नाही. परिपाठाला उभी असलेली मुलगी भोवळ येऊन पडते, तेव्हा आधी शरीराकडे पाहावे लागते. सकाळी काही खाल्ले होते का, पाळी चालू आहे का, किती लांबून चालत आली, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरेच घेते की खिडकीतून टाकून देते, हे विचारायचे असते. किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आहे की मनाचे कारण शोधण्याआधी हिमोग्लोबिन तपासणे केव्हाही शहाणपणाचे. तपासणीत काही निघाले नाही आणि तरीही गणिताच्या तासाआधी किंवा सोमवारी सकाळीच पोट दुखत राहिले, तर मात्र ते दुखणे खोटे ठरवून चालत नाही. भीतीने होणारी पोटदुखी पोटातच होते. ‘नाटकं करू नकोस’ हे एक वाक्य ऐकलेले मूल पुढे त्या शिक्षकाला काही सांगत नाही.

काही मुलींची दातखीळ बसते, डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात. कधी एकीला झाले की दुसरीला होते, तिसरीला होते आणि गावभर चर्चा होते की शाळेत काहीतरी आहे. अशा वेळी मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत शांतपणे बसवणे, बघ्यांची गर्दी हटवणे, भानावर आल्यावर पाणी देणे आणि तास चालू ठेवणे याचा उपयोग होतो. घंटा वाजवून शाळा सोडून दिली की भीतीवर शिक्कामोर्तब होते. ही बाब फिटची असू शकते, म्हणून पहिल्यांदा घडल्यावर डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. घरचे लोक देवऋषाकडे नेतात. त्यावरून पालकांशी वाद घालून काही साधत नाही. ‘तुमचं तुम्ही करा, पण सोबत दवाखान्यातही दाखवू’ असे म्हटले की बहुतेक आईबाप तयार होतात. मात्र मुलीला मारणे, कोंडणे, चटके देणे असे काही सुरू झाले, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन मध्ये पडणे भाग असते.

शाळेकडे मानसिक त्रास ओळखण्याचे एक साधन आधीपासून असते, ते म्हणजे हजेरीपट. तो रोज भरला जातो, महिन्याअखेरी त्याची बेरीज होते, पण तो वाचला क्वचितच जातो. एखाद्या मुलाची गैरहजेरी कोणत्या वारी आहे, कोणत्या तासिकेनंतर तो निघून जातो, चाचणीच्या आठवड्यात काय होते, हे सलग दोन महिन्यांचे पान समोर ठेवून पाहिले की बरेच कळते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास पट एकदम खाली येतो, कारण मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले सोबत जातात, काही आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. मागे राहिलेल्या मुलांकडे शाळेचे लक्ष कमी जाते, कारण ती हजर असतात. पण आठवीतल्या मुलीवर धाकट्या दोन भावंडांचा स्वयंपाक, आजीचे दुखणेखुपणे आणि घराची राखण पडलेली असते. ती वर्गात झोपते आणि त्याबद्दल बोलणी खाते. मार्च-एप्रिलमध्ये आईबाप परत येतात तेव्हा तिची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली किंवा होऊन गेलेली असते. अशा मुलीला समुपदेशनाच्या आधी गृहपाठातून थोडी सूट आणि दुपारी पोटभर जेवण मिळाले तर जास्त फरक पडतो. मानसिक आरोग्याचा विचार करताना ही साधी बाब विसरली जाते, याचे वाईट वाटते.

नववी-दहावीतली मुलगी अचानक यायची थांबली आणि तिच्या मैत्रिणी त्याबद्दल बोलेनाशा झाल्या, तर लग्न ठरल्याची शक्यता असते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार गावात ग्रामसेवकाकडे प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. खबर कोणी दिली हे बाहेर फुटले, तर मुलीच्या घरचे तिचे शाळेतले नाव काढून टाकतात आणि मैत्रिणींनाही पुढे कोणी बोलू देत नाही. म्हणून शिक्षकांनी हा फोन शाळेच्या आवारातून, चारचौघांत करू नये.

ऐकायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. स्वतंत्र समुपदेशन कक्ष असला तर त्याच्या दारावर पाटी असते, आणि त्या दारातून आत जाणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत ‘येडा झालास का’ असे ऐकावे लागते. मुख्याध्यापकांची केबिन म्हणजे शिक्षेची जागा, ही समजूत मुलांत पक्की असते. अनुभवाने सोयीची ठरते ती सर्वांना दिसेल पण कोणाला ऐकू येणार नाही अशी जागा, म्हणजे मैदानाच्या कडेचा लिंबाचा पार, दार उघडे ठेवलेली प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयाचा कोपरा. पुरुष शिक्षकाने मुलीशी बोलताना हे पथ्य कसोशीने पाळावे लागते. गावात एक कुजबूज दोघांचेही आयुष्य उलटेपालटे करू शकते. वेळही मोजकाच मिळतो. शाळा सुटल्यावर थांबायचे तर शेवटची एस.टी. चुकते. म्हणून ऑफ तासाला, पुस्तके उचलून ठेवायच्या किंवा तक्ते लावायच्या निमित्ताने बोलणे होते. हाताला काम असले की मूल मोकळे होते, हे बहुतेक शिक्षकांनी पाहिलेले असते.

पहिल्या वेळी फारसे काही कळत नाही आणि कळण्याचा आग्रहही धरू नये. ऐकणाऱ्याला सर्वांत जड जाते ते गप्प बसणे. शिक्षकाचा पेशाच बोलण्याचा असल्याने तो तिसऱ्या वाक्याला उपदेशावर येतो. त्या उपदेशातले एक वाक्य विशेष घातक आहे: ‘तुझे आईबाप तुझ्यासाठी एवढे राबतात, त्यांचा तरी विचार कर.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मजुराच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला आईबाप किती राबतात हे सांगावे लागत नाही. त्याचे निम्मे ओझे तेच असते. आपल्यामुळे घरावर भार पडतो, आपण नापास झालो तर बापाचे पैसे पाण्यात जातील, असे ते आधीच मनाशी घोळवत असते. त्यावर हे वाक्य ऐकले की ते मान हलवते, ‘हो सर’ म्हणते आणि पुन्हा येत नाही. त्याऐवजी ‘मग तू काय केलंस?’, ‘हे घरी कोणाला माहीत आहे का?’, ‘आत्ता यातलं सगळ्यांत जड काय वाटतंय?’ असे साधे प्रश्न आणि मध्ये न तोडता ऐकणे अधिक कामाचे. अडचण एकच निवडून तिच्यावरचे दोन-तीन उपाय मुलाकडूनच काढून घ्यायचे, त्यांतला एक आठवडाभर करून बघायचा आणि पुढच्या आठवड्यात विचारायचे, ही पद्धत शिक्षकालाही शिकता येण्यासारखी आहे.

आता गुप्ततेविषयी. ऐकलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सांगितली जाते तेव्हा सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नसते; त्याला काळजीच असते. पण त्या खोलीत मुलीच्या भावकीतले कोणी असते, कोणाचा मुलगा त्याच वर्गात असतो. संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचते आणि रात्री त्या मुलीला मार बसतो. त्यामुळे सहकाऱ्यांना सांगायचे ते कारण न सांगता: ‘हिला या आठवड्यात फळ्यावर बोलावू नका’ एवढे पुरते. नोंद ठेवायची ती वेगळ्या वहीत, कुलपात, नावाऐवजी खुणेने. जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर मानसिक त्रासाचा उल्लेख कधीही येऊ नये.

मात्र पूर्ण गुप्ततेचे वचन देता येत नाही, आणि हे बोलणे सुरू होण्याआधीच मुलाला सांगावे लागते. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर ते पोटात ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. आरोप गावातल्या वजनदार माणसावर असेल तेव्हा शाळेवर दबाव येतो, ‘आपसात मिटवा’ असे निरोप येतात. अशा वेळी एकट्या शिक्षकाला पुढे करणे अन्यायाचे आहे. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. तिची बैठक नियमित होत असेल, तिचे सदस्य कोण हे मुलींना ठाऊक असेल, तर शिक्षकामागे चार माणसे उभी राहतात. समिती फलकावरच असेल, तर ऐन वेळी कोणी सापडत नाही.

ऐकणारे माणूस शिक्षकच असावे का, या प्रश्नावर बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला एक प्रयोग महत्त्वाचा आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तिथल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाच्या कार्यक्रमाची चाचणी घेतली. काही शाळांत तो स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या तरुण समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाने. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली, शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिक्षकाला वेळ नसतो हे एक कारण असावे. पण जो गुण देतो, जो छडी उगारतो, ज्याच्याकडे घरची तक्रार जाते, त्याच्यापाशी मन उघडणे कठीण, हेही तितकेच खरे असले पाहिजे. महाराष्ट्रातल्या शाळेला पद मिळेपर्यंत यातून एवढे घेता येते: ज्या वर्गाला आपण शिकवत नाही, त्या वर्गातल्या मुलांचे ऐकायचे. त्याच गावातली, शिकलेली, शाळेच्या नोकरीत नसलेली एखादी तरुणी आठवड्यातून दोन दिवस येऊ शकली तर आणखी बरे. मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी हाही त्या कार्यक्रमाचा भाग होता. आपल्याकडे तक्रारपेट्या असतात, पण त्या मुख्याध्यापकांच्या दाराशी, कॅमेऱ्याखाली लटकतात. ती पेटी पाण्याच्या टाकीजवळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावली, ठरल्या दिवशी दोघांच्या समोर उघडली आणि निदान एका चिठ्ठीवर त्याच आठवड्यात काहीतरी केलेले दिसले, की चिठ्ठ्या येऊ लागतात.

मारहाणीबद्दल थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. ज्या शाळेत सकाळी छडी आणि दुपारी समुपदेशन चालते, तिथे दुपारचे काम वाया जाते.

दहावी हा वेगळा प्रकार आहे. जूनपासून घर, नातेवाईक, शिकवणी आणि शाळा एकच शब्द बोलतात. सराव परीक्षांच्या काळात झोप कमी होते, भूक मरते, काहींची बोटे तोंडी परीक्षेत थरथरतात. परीक्षेच्या हंगामात राज्य मंडळ विभागवार समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते. ते वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवावेत. पण शाळेने खरी तयारी करायची ती निकालाच्या दिवसाची. निकाल दुपारी ऑनलाइन लागतो, गुणपत्रिका नंतर काही दिवसांनी शाळेत येतात. पूर्वी निकाल शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या देखत कळायचा. आता मूल तो एकटे, कोणाच्या तरी मोबाइलवर, कधी शेतात पाहते. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची यादी वर्गशिक्षकाने आधी करून ठेवावी, निकाल लागताच पहिला फोन त्यांना जावा आणि फोन लागला नाही तर कोणीतरी मोटारसायकल काढून घरी जावे. सांगायचे काय, तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा. ती २०१५ पासून निकालानंतर लगेच होते आणि उत्तीर्ण झालेल्याचे वर्ष वाचते. अर्ज कधी भरायचा, शुल्क किती, अभ्यास कोण घेणार, हे ठोस सांगितले की समोर अंधार दिसणाऱ्या मुलाला पुढचे पाऊल दिसते. त्या दिवशी घरात चुलत भावंडांच्या टक्क्यांशी तुलना होणार नाही, याची विनंती पालकांना आधीच्या पालकसभेत करून ठेवावी. अशी सभा फेब्रुवारीपूर्वी घेतलेली बरी.

मूल मरणाबद्दल बोलले, वहीत लिहिले किंवा आपल्या वस्तू वाटून टाकू लागले, तर थेट विचारावे. ‘जगू नये असं वाटतं का?’ असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, हे अभ्यासांनी दाखवले आहे. उलट कोणी विचारले म्हणून सुटकेचा श्वास टाकणारी मुले असतात. अशा मुलाला एकटे सोडायचे नाही, बसमध्ये बसवून घरी पाठवायचे नाही. पालकांना बोलावून त्यांच्या हाती द्यायचे आणि त्यांना स्पष्ट सांगायचे की घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर ठेवा, काही दिवस रात्री कोणीतरी जवळ झोपा. शेतकऱ्याच्या घरात ही सूचना जीव वाचवू शकते. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. शिक्षकाने मुलासोबत बसून तो लावावा. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने पालक प्रकरण लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिच्यावर उपचार करणे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे, हे त्यांना शांतपणे समजावावे लागते.

तज्ज्ञांपर्यंत पोचणे म्हणजे बहुधा जिल्हा रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. सौम्य त्रासाला तिथली विचारपूस पुरू शकते. मानसोपचारतज्ज्ञ मात्र जिल्ह्याला. तिथे जायचे म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे. शिवाय ‘येड्याच्या दवाखान्यात’ नेल्याचे कळले तर पोरीचे लग्न कसे होणार, ही आईची भीती असते. ती भीती हसण्यावारी नेऊ नये. झोप लागत नाही, जेवण जात नाही, वजन उतरते आहे, त्याची तपासणी करून घेऊ, असे म्हटले तर त्यात काही खोटे नसते आणि बाप तयार होतो. पहिल्या खेपेला शाळेतले कोणी सोबत गेले तर केसपेपर काढण्यापासूनची घाबरगुंडी टळते. दुसरी खेप चुकते ती बरे वाटू लागल्यावर. गोळ्या मनाने बंद करू नका, हे शाळेतून महिनाभर सांगत राहावे लागते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. मराठवाड्यातली बहुतेक माध्यमिक विद्यालये या शंभराच्या रेषेच्या वर आहेत. शासनाने पद आणि पगार दिल्याशिवाय हा आदेश एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहून पाळला जाईल, ही भीती रास्त आहे. त्या शिक्षकाच्या तासिका तरी कमी व्हाव्यात.

दहावीनंतर मूल कनिष्ठ महाविद्यालयात, आयटीआयमध्ये किंवा लातूर, संभाजीनगरच्या शिकवणीला जाते आणि कॉट बेसिसवर खोली घेऊन राहू लागते. तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते, आणि चालू असलेले औषध याच टप्प्यावर तुटते. म्हणून दाखला देण्याच्या दिवशी, मुलाला विचारून आणि त्याने हो म्हटले तरच, नव्या ठिकाणच्या एका शिक्षकाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला फोन करावा. जवळच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, ते कागदावर लिहून द्यावे. केसपेपरची प्रत पालकांकडे आणि मुलाकडे वेगवेगळी ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत मुले गावी आली की जुन्या शाळेत हटकून चक्कर मारतात. औषध चालू आहे का, खोलीवर सोबत कोण आहे, हे तेव्हा विचारून घेता येते.